हातात पेचकस, डोक्यात हिशेब



जिल्हा बैठकीत कापसाचा भाव, पीकविमा आणि पंपाची वीज या तीन प्रश्नांवर बोलणे होते. बैठक संपते, सतरंज्या गुंडाळल्या जातात आणि मग कोणीतरी आम्हाला बाजूला घेऊन चौथा प्रश्न विचारतो. "पोराला इलेक्ट्रॉनिक्सला टाकावं म्हणतो. गणित झेपंल का त्याला?" अलीकडे "पोरीला टाकावं म्हणतो" असेही ऐकू येते, हे चांगलेच आहे.

हा प्रश्न किरकोळ नाही. दहावी-बारावीचे निकाल लागतात ते नेमके मृगाच्या तोंडावर. बियाण्याचे पैसे आणि प्रवेशाचे पैसे एकाच पिशवीतून काढायचे असतात. एकीकडे चुकले तर एक हंगाम जातो, दुसरीकडे चुकले तर तीन-चार वर्षे जातात आणि वर कर्ज राहते. कोरडवाहू माणसाजवळ दोन्ही सोसायची ताकद नसते. म्हणून आज भावाचा विषय बाजूला ठेवून आम्ही या चौथ्या प्रश्नाचा हिशेब मांडतो.

गावात दोन सल्ले फुकट मिळतात. पहिला सल्ला असा : "पोरगं मोबाइल खोलतं, स्टार्टर दुरुस्त करतं, ते जन्मजात इंजिनिअर आहे, टाका डोळे झाकून." दुसरा सल्ला नेमका उलटा : "आपल्या घराण्यात गणित नाही, अकरावीला गणित सोड, बायोलॉजी घे." आमचे म्हणणे असे की दोन्ही सल्ले महागात पडतात. पहिल्यात पोरगं दुसऱ्या वर्षाला अडकते. दुसऱ्यात त्याच्यासाठी दारच बंद होते, आणि ते दार आपण स्वतः लावलेले असते.

गणित आपल्या घरचे आहे

आधी "घराण्यात गणित नाही" या बोलण्याचा समाचार घेऊ. आपल्या आज्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी तोंडपाठ होती. अपूर्णांकांचे पाढे होते ते. शाळा न पाहिलेला माणूस मोंढ्यात उभा राहून सव्वासात मणाचा हिशेब अडत्याच्या आधी सांगत असे.

आजही आपण तेच करतो. एकराला ५० किलो नत्र द्यायचे आहे, युरियात नत्र ४६ टक्के, तर युरिया किती? सुमारे १०९ किलो. चार फूट बाय एक फुटावर कापूस लावला तर एकरात झाडे किती? एकराचे ४३,५६० चौरस फूट भागिले चार, म्हणजे १०,८९०. पंधरा लिटरच्या पंपाला औषध किती मिली टाकायचे, हे तर रोजचेच. त्रैराशिक, टक्केवारी आणि भागाकार आपल्या बांधावर रोज चालतात. आपल्याला भीती वाटते ती गणिताच्या पुस्तकी भाषेची. ती भाषा शिकावीच लागते, पण ती शिकता येते.

इलेक्ट्रॉनिक्सचे गणित कुठे लागते ते पाहा

बारा व्होल्टच्या बॅटरीवर एक लहान एलईडी लावायचा आहे. एलईडी स्वतः २ व्होल्ट घेतो आणि त्याला २० मिलिअँपिअर करंट पुरतो. उरलेले १० व्होल्ट रेझिस्टरवर सोडायचे. जर्मनीच्या ओहम नावाच्या शिक्षकाने १८२७ साली सांगितलेला नियम लावा : १० भागिले ०.०२, म्हणजे ५०० ओहम. इथवर सातवीचा भागाकार झाला.

पण दुकानात जाल तर ५०० ओहम सहसा मिळत नाही. ४७० मिळतो किंवा ५६० मिळतो. ४७० घेतला तर करंट होतो सुमारे २१ मिलिअँपिअर, म्हणजे चालते. मात्र त्या रेझिस्टरमध्ये सुमारे ०.२१ वॅट उष्णता तयार होते. पाव वॅटचा लावला तर तो काठावर चालेल आणि चटके देईल. जाणता माणूस अर्ध्या वॅटचा लावतो. पाहा, एवढ्याशा कामात गणितही लागले आणि बाजाराची व बोटांची माहितीही लागली. या धंद्याची सुरुवात अशीच आहे आणि शेवटही असाच आहे, मधले आकडे तेवढे मोठे होत जातात.

आता आपल्या जिव्हाळ्याची वस्तू घ्या, जिनिंगवरचा इलेक्ट्रॉनिक काटा. त्याच्या पोटात लोडसेल नावाचा धातूचा ठोकळा असतो. वजन ठेवले की तो डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो. त्यावर चिकटवलेल्या बारीक पट्ट्यांचा रोध किंचित बदलतो आणि तेवढ्यावरून वजन कळते. समजा हा लोडसेल ३०० किलोला भरतो, त्याला ५ व्होल्ट दिले आहेत आणि तो व्होल्टमागे २ मिलिव्होल्ट देतो. म्हणजे पूर्ण ३०० किलोला मिळणार १० मिलिव्होल्ट. टॉर्चचा एक सेल १,५०० मिलिव्होल्टचा असतो, त्याचा हा दीडशेवा भाग झाला. यातून एका किलोच्या वाट्याला येतात सुमारे ३३ मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाचे ३३ तुकडे.

आता कनेक्टरमध्ये ओल शिरली, उन्हाने लोडसेल तापला, अर्थिंग ढिले झाले, तर एवढा इशारा हलायला कितीसा वेळ? क्विंटलमागे एक किलो हलले आणि भाव सात हजार धरला, तर क्विंटलला सत्तर रुपये गेले. वीस क्विंटलला चौदाशे. यात कोणाची लबाडी असेलच असे नाही, पण काट्याच्या पोटातले गणित कळणारे एकही माणूस आपल्या बाजूला उभे नसेल, तर लबाडी आणि बिघाड यांतला फरक आपल्याला कधीच कळणार नाही. असा माणूस काट्याच्या चारही कोपऱ्यांवर एकच माप आळीपाळीने ठेवून पाहतो. आकडे जुळले नाहीत तर वैधमापनवाल्यांना बोलावतो, आणि काय तपासायचे तेही सांगतो. आपली पोरे या विद्येत असावीत असे आम्ही म्हणतो त्यामागे पगाराखेरीज हेही कारण आहे.

तिसरे उदाहरण विहिरीवरचे. तीन फेज म्हणजे तीन लाटा, एकमेकींपासून १२० अंशांनी मागे-पुढे. एक लाट टोकाला, म्हणजे एकवर असते तेव्हा बाकीच्या दोन उणे अर्ध्यावर असतात. एक वजा अर्धा वजा अर्धा, बेरीज शून्य. क्षणोक्षणी ही बेरीज शून्यच राहते, म्हणून मोटार गोडीने फिरते. डीपीवरचा एक फ्यूज उडाला की तोल गेला. मोटार थांबत नाही, घुमत राहते. भार तोच असेल तर उरलेल्या दोन तारांतून साधारण पावणेदोन पट करंट ओढते आणि वायंडिंग जाळून घेते. पुन्हा वायंडिंगचा खर्च कोणाला सांगायला नको.

हे टाळायला स्टार्टरमध्ये जो सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवतात, तो तीन फेजचा तोल पाहतो. तोल ढळल्याचे मोजायचे कसे, याची पक्की गणिती रीत फोर्टेस्क्यू या अभियंत्याने १९१८ साली मांडली. तिच्यात त्रिकोणमिती लागते आणि ज्यांना पुस्तकात संमिश्र संख्या म्हणतात त्याही लागतात. उणे एकाचे वर्गमूळ ऐकून पोरे हसतात की याचा उपयोग काय. उपयोग हा, की तुमची मोटार वाचते.

चौथे उदाहरण बदलाच्या दराचे. पाऊस उघडल्यावर वरची माती पहिल्या दोन दिवसांत झपाट्याने सुकते, पुढे सुकण्याचा वेग मंदावतो. उरलेल्या ओलीवर वेग ठरतो. कपॅसिटर साधारण याच चालीने भरतो आणि रिकामा होतो. १० हजार ओहमच्या रेझिस्टरमधून १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भरायला घेतला, तर एका सेकंदात तो सुमारे ६३ टक्के भरतो आणि पाच सेकंदांत ९९ टक्क्यांच्या वर जातो. ही चाल लिहून ठेवायची भाषा म्हणजे कॅल्क्युलस. वाफसा ओळखणाऱ्या माणसाला तिचा अर्थ समजावा लागत नाही, खुणा तेवढ्या शिकाव्या लागतात.

कोणत्या कामाला किती गणित?

सगळ्यांना सारखे गणित लागत नाही, ही गोष्ट कोणी सांगत नाही. दुरुस्ती, जोडणी आणि तपासणीच्या कामाला अंकगणित, टक्केवारी, सूत्रात किंमत घालून उत्तर काढणे आणि आलेख वाचणे एवढे पक्के हवे. सोलर पंप, इन्व्हर्टर, यूपीएस उभारणाऱ्याला त्यावर त्रिकोणमिती आणि एसी सर्किटचे गणित लागते. मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला शून्य आणि एक यांचे तर्कगणित, म्हणजे बूल या गणितज्ञाने १८५४ साली मांडलेले बीजगणित, रोजच्या वापरात लागते. दूरसंचार, रडार, चिपचा आराखडा या कामांना कॅल्क्युलस, फूरिए, लाप्लास, मॅट्रिक्स आणि संभाव्यता यांच्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही.

म्हणून "गणित झेपंल का?" याच्या आधी विचारायचा प्रश्न असा : पोराला कुठवर जायचे आहे? आणि ते कष्टाने कुठवर नेता येईल?

नुसत्या गुणांनी भागत नाही

उलट बाजूही सांगितली पाहिजे. शहरात गुणांच्या राशी घेऊन बाहेर पडलेले पदवीधर असे आहेत की त्यांच्या हातात मल्टिमीटर दिला तर करंट मोजायला तो बॅटरीच्या दोन टोकांना थेट लावतात आणि मीटरचा फ्यूज घालवतात. कागदावर सर्किट सोडवता येते, पण समोरचे बंद पडलेले कार्ड कुठून तपासायचे ते कळत नाही.

बिघाड शोधणे ही वेगळी विद्या आहे आणि ती आपल्याला परकी नाही. कापूस लाल पडला की जाणता शेतकरी लगेच फवारा मारत नाही. तो पान उलटून तुडतुडे पाहतो, खालची पाने आधी लाल झाली की वरची हे पाहतो, पाणी साचले होते का, रात्री थंडी किती पडते, नत्र-मॅग्नेशियम कमी पडले का याचा विचार करतो. एकेक कारण काटत जातो. बंद कार्डाचेही तसेच. आधी वीज येते का पाहा, मग ती योग्य दाबाची आहे का मोजा, मग अर्ध्यावर तपासा आणि बिघाड अलीकडे की पलीकडे ते ठरवा. आधी अंदाज करा, मग मोजा, मग दोन्ही ताडून पाहा. अंदाज करायला गणित लागते आणि मोजायला हात लागतो.

आपल्या पोरांजवळ आणखी एक भांडवल आहे, ते आम्ही कृषी पदवीवाले म्हणून सांगतो. जमिनीतली ओल मोजणारे स्वस्त यंत्र घ्या. मातीत दोन सळया खुपसून त्यांच्यातून करंट सोडायचा आणि रोध मोजायचा. टेबलावरच्या कुंडीत ते छान चालते. आपल्या काळ्या भारी जमिनीत दोन गोष्टी होतात. एक, ओल्या मातीत सतत एकाच दिशेने वीज सोडल्याने सळया खाल्ल्या जातात आणि काही दिवसांत आकडे बिघडतात. दोन, जमीन सुकताना भेगा पडतात, सळईभोवती हवा येते आणि यंत्र आहे त्यापेक्षा कोरडे दाखवते. ज्याने भेगाळलेल्या रानात पाय घातला नाही, त्याला हे सहसा प्रयोगशाळेत सुचत नाही. आपल्या पोराला ते आधीच ठाऊक असते. त्याला फक्त कपॅसिटन्सवर चालणारा सेन्सर का बरा, हे समजण्याइतके गणित हवे. ते मिळाले तर तो जे यंत्र करील ते आपल्या रानात टिकेल.

दोन शेतमुलुखातले गडी

ही गोष्ट आपल्यापुरतीच नाही. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात फिलो फार्न्सवर्थ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा होता. शेतावरचा वीज जनित्र तो लहानपणीच सांभाळू लागला. १९२१ च्या सुमारास, चौदा-पंधरा वर्षांचा असताना, नांगरलेल्या रानातले एकाखाली एक तास पाहून त्याला सुचले की चित्रही असेच ओळीओळींनी वाचून विजेने पाठवता येईल. १९२२ साली त्याने शाळेतल्या शिक्षकापुढे फळ्यावर आकृती काढून दाखवली. ७ सप्टेंबर १९२७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याने इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पहिले चित्र पाठवले, ते म्हणजे एक साधी रेघ. पुढे आरसीए या बलाढ्य कंपनीशी पेटंटचा झगडा झाला. निकाल त्याच्या बाजूने लागला, आणि त्या कामी जुन्या शिक्षकाची साक्ष उपयोगी पडली.

त्याला पदवी पुरी करता आली नव्हती. पण यावरून "शिक्षण कशाला हवे" असा अर्थ काढू नका. त्या शिक्षकाकडून त्याने जादा धडे घेतले होते. तास सगळ्यांनीच पाहिले, पण ती कल्पना मांडायची भाषा त्याने शिकून घेतली होती.

दुसरा जॅक किल्बी, गव्हाच्या मुलुखातल्या कॅन्ससचा. त्याचे वडील खेडोपाडी वीज पुरवणारी कंपनी चालवत. एमआयटीच्या प्रवेश परीक्षेत ५०० गुण हवे होते, त्याला ४९७ मिळाले. तीन गुणांनी दार बंद. दुसऱ्या महायुद्धात तो लष्करात गेला आणि आपल्या ईशान्य भारतातल्या एका चहामळ्यावरच्या तळावर रेडिओ दुरुस्त करत बसला. परत जाऊन १९४७ साली इलिनॉय विद्यापीठाची पदवी घेतली. १२ सप्टेंबर १९५८ रोजी त्याने इंटिग्रेटेड सर्किट चालवून दाखवले. आज तुमच्या खिशातल्या मोबाइलपासून काट्यापर्यंत सगळे त्याच वाटेने आलेले आहे. २००० साली त्याला भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. तीन गुण कमी पडले म्हणून त्याने गणित सोडले नाही आणि हातातली दुरुस्तीही सोडली नाही.

रस्ते आणि त्यातले खड्डे

आपल्याकडे रस्ते तीन. दहावीनंतर आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, दोन वर्षे. दहावीनंतरच तंत्रनिकेतनाची पदविका, तीन वर्षे. किंवा बारावी विज्ञान आणि सीईटी देऊन पदवी, चार वर्षे. आयटीआयवाल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि पदविकावाल्याला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. कोरडवाहू घराला हा पायऱ्यापायऱ्यांचा रस्ता आम्हाला बरा वाटतो. एखादे वर्ष पीक बुडाले तर पोरगं मधल्या पायरीवर थांबून कमावू शकते.

पण थेट दुसऱ्या वर्षात एक खड्डा आहे. पहिल्या वर्षाचे गणित न शिकता पोरगं वर जाते आणि पुढच्या गणिताच्या पेपरला आपटते. पदवीच्या "एम-थ्री" मध्ये अडकलेली पोरे विचारून पाहा, त्यांत अशी किती निघतात. म्हणून थेट प्रवेश घ्यायचा असेल तर आधीची उन्हाळी सुटी गणिताला द्या. बारावीच्या रस्त्याने जायचे तर अकरावीला गणित सोडू नका. आणि आठवी-नववीत बीजगणित कच्चे राहिले असेल तर कोणत्याही रस्त्याआधी ते पक्के करा. पाया उकरायला लाज वाटू देऊ नका.

पैशाचे म्हणाल तर २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींना, घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. उत्पन्नाचे आणि अल्पभूधारकाचे दाखले निकालाआधीच काढून ठेवा. तहसीलमध्ये जूनची रांग काय असते ते तुम्ही जाणता.

पैसे भरण्याआधी कॉलेजात जा

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. लाखाचा प्रवेश मात्र रंगीत पुस्तिका पाहून घेतो. प्रवेशाआधी पोराला घेऊन जा आणि इतके विचारा :

प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोप किती आणि चालू किती? कुलपात असतील तर ते धरू नका. एका टेबलावर किती पोरे? चारांहून जास्त असतील तर एक काम करतो, बाकीचे वहीत उतरवतात. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प पोरे स्वतः करतात की विकत आणतात? मागच्या वर्षीचा एखादा मागवा आणि चालवून दाखवा म्हणा. गणिताचे शिक्षक कायम आहेत की तासिकेवर? आणि गेल्या वर्षी पास झालेल्यांपैकी दोघा-तिघांशी बोलणे करून द्या म्हणा. यावर जे कपाळाला आठ्या घालतील, त्यांच्या दारात एकर विकायचा नाही.

आता आपण काय करायचे

आमचे बैठकीला तीन सांगणे आहे. पहिले, प्रत्येक तालुक्यात एक दुरुस्तीचे टेबल मांडा : एक मल्टिमीटर, एक सोल्डरिंग आयर्न, जळके स्टार्टर, मोडके रेडिओ आणि शिकवायला गावातलाच एखादा जाणता मेकॅनिक. मुलींना तिथे बरोबरीने बसवा. मेन्सच्या विजेला हात लावायचा नाही, सुरुवात बॅटरीवर, हा नियम भिंतीवर लिहा. दुसरे, त्याच टेबलावर आठवड्यातून दोन संध्याकाळी गणित घ्या. ज्या दिवशी जे दुरुस्त केले, त्याचाच हिशेब मांडायचा. तिसरे, गावच्या शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी असेल तर तो प्रश्न भावाच्या प्रश्नाइतकाच लावून धरा. ज्या शाळेत वर्षभर गणित शिकवले जात नाही, तिथल्या पोराला दहावीनंतर "तुला झेपत नाही" म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

सगळी पोरे इंजिनिअर होणार नाहीत, व्हायचीही गरज नाही. पण जो जाईल तो अर्धवट जाऊ नये. हिशेबाविना हात आंधळा आणि हाताविना हिशेब पांगळा. येत्या बैठकीला ज्यांच्या घरी दहावी-बारावीची मुले आहेत त्यांनी त्यांना सोबत आणावे. भावाची चर्चा झाल्यावर सतरंज्या गुंडाळायच्या आधी हा विषय घेऊ.